चोथा आणि तांबडे मासे

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, माझ्याशी फारसं बोलत नसत. राग नव्हता, स्वभावच तसा. घरामागे त्यांची दोन तळी होती, त्यांत ते तांबडे मासे वाढवायचे. मी सॉसच्या कारखान्यात जायचे. टोमॅटोचा गर गाळून उरलेला सालीबियांचा चोथा ढकलगाडीत भरून मागे नेऊन टाकायचा, हे माझं काम.

त्या वर्षी माशांचा रंग उतरला. चव तीच, पण व्यापारी नाक मुरडू लागला. "आजारी दिसतात हो तुमचे मासे!"

एका संध्याकाळी मी मामंजींना पाणी दिलं, तर ते वाकून माझ्या बोटांकडे बघत बसले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण नखांपर्यंत चढलेला केशरी रंग त्यांनाही दिसला.

"साबणानं जात नाही?"

"नाही, मामंजी."

"मग माशांना चढतो का बघू. उद्या चोथा घेऊन ये थोडा."

पहिल्यांदा ओलाच टाकला. पाणी नासलं, मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. पाणी बदलता बदलता आमची कंबर मोडली. मग चोथा गच्चीवर वाळत घातला, तोही नेमका सासूबाईंच्या ठेवणीतल्या चादरीवर. "माशांचे लाड झाले असतील तर माणसांना जेवायला वाढा," सासूबाई म्हणाल्या, आणि दोन दिवस आमच्याशी अबोला धरला.

वाळलेला चोथा कुटून, कोंड्यात थोडासाच मिसळून, पाण्यानं भिजवून आम्ही खिम्याच्या जुन्या यंत्रातून त्याच्या कांड्या पाडायचो. दांडा ते फिरवायचे, लगदा मी घालायचे. तिथे मामंजींना वाचा फुटली. तरुणपणी नाटक कंपनीत पळून गेले होते म्हणे, आणि मिळालं काय, तर राणीच्या दासीचं काम! हसता हसता दांडा हातातून सुटायचा.

रोज तळ्यावर एकच प्रश्न. "चढला का गं रंग?"

"अजून नाही."

नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "हो म्हण की! म्हाताऱ्याच्या जिवाला बरं वाटेल." मला नाही जमलं ते.

आणि एका दुपारी उन्हात मासा वळला, तो कुंकवासारखा. मी ओरडलेच, "मामंजी, चढला!"

त्यांचा चेहरा पडला. "माझ्या पोरानं शिकवलं ना तुला असं म्हणायला?"

नवऱ्याचं ते बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं तर. त्यानंतर ते यंत्राकडे फिरकलेच नाहीत. मी एकटीच दांडा फिरवत राहिले.

व्यापारी आला, जाळं ओढलं आणि तो बघतच राहिला. "माशांचं बीज नवीन आणलंत की काय? काय रंग आहे!"

मामंजींनी एक मासा उचलून डोळ्यांना जवळजवळ चिकटवला. उन्हात फिरवून फिरवून पाहिला. मग व्यापाऱ्याला म्हणाले, "आमच्या सुनेला विचार. ती खोटं बोलत नाही." माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही, बघवलं नसावं.

आता कारखाना चोथा वाळवून खाद्यवाल्यांना विकतो. तयार खाद्याची पोती येतात, नवरा पोतं फोडून ओततो, काम झटक्यात होतं. चांगलंच आहे, तक्रार नाही. पण त्या कामाला सोबत कुणी लागत नाही. मामंजींना जाऊन बरीच वर्षं झाली. दुपारी घर निजलं की कुणाला तरी हाक मारावीशी वाटते. मग उठते आणि कामाला लागते.