बुटांचं कपाट होता होता राहिलेला पोडियम

मित्रांनो, मी एक जुना पोडियम आहे आणि मला बुटांचं कपाट व्हायचं नव्हतं.

पोडियम म्हणजे भाषण करणारा माणूस ज्याच्यामागे लपतो ते उभट लाकडी खोकं. वर कागद ठेवायला तिरकी फळी, आत पाण्याच्या पेल्यासाठी एक कप्पा. मी सारखं 'मित्रांनो' म्हणतो त्याबद्दल रागावू नका. हा संगतीचा गुण आहे. माझ्यापाशी येणारा प्रत्येक जण पहिला शब्द हाच बोलतो. कित्येकांचा तर तो शेवटचाही शब्द असतो. तेवढं बोलून ते खाली जाऊन बसतात.

सुतारमामांनी मला घडवलं त्या दिवशी रेडिओवर सामन्याचं वर्णन चालू होतं. माझे तीन पाय अगदी ठाकठीक झाले. चौथ्याच्या वेळी सामना भलताच रंगात आला, त्यामुळे तो पाय बोटभर तोकडा राहिला. मामांनी मला उभं केलं, मी डुललो. "बोलणारी माणसं तशीही डुलतातच," असं म्हणून ते पुन्हा रेडिओकडे वळले. माझं लाकूड अर्धं एका मोडक्या पलंगाचं आहे आणि अर्धं एका दुकानाच्या दाराचं. म्हणून भाषण लांबलं की मला झोप येते, आणि दुपार झाली की बंद व्हावंसं वाटतं.

तोकड्या पायाचा आणखी एक परिणाम झाला. बोलणाऱ्याचे हात कापले की मी टकटक वाजतो. माणूस घाबरलाय हे त्याच्या तोंडून कळायच्या आत माझ्या पायातून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं.

माझी नोकरी कॉलेजच्या सभागृहात, वक्तृत्वाच्या वर्गात. हा वर्ग दर शनिवारी सकाळी भरतो आणि तो बाई घेतात. पटवून देणारं भाषण शिकवायची बाईंची एक रीत आहे. भाषणाआधी त्या विचारतात, "कुणाकुणाला पटतंय? हात वर करा." भाषणानंतर पुन्हा तेच विचारतात. जास्त हात बोलणाऱ्याच्या बाजूने गेले, तर तो जे सांगतो ते वर्गाने खरोखर करायचं.

"टाळ्यांचं मला सांगू नका," बाई म्हणतात. "टाळ्या डास मारायलाही वाजवतात. पटलं असेल तर करून दाखवा."

या रीतीपायी आम्ही बरंच भोगलं आहे. एका मुलीने पटवून दिलं की खुर्चीमुळे माणूस आळशी होतो. सगळा वर्ग महिनाभर उभा होता. एकाने पटवून दिलं की झरोक्यातलं कबुतर नियमित येतं, तेव्हा त्याचीही हजेरी घ्यावी. वर्षाअखेरीस त्याची हजेरी सगळ्यात चांगली भरली. आणखी एकाने बाईंनाच चहा सोडायला लावला. त्या शनिवारी बाईंनी अख्ख्या वर्गाला नापास केलं. पुढच्या शनिवारी पहिल्या भाषणाचा विषय होता 'बाईंनी चहा प्यावा'. वक्ता 'मित्रांनो' म्हणायच्या आधीच सगळे हात वर गेले होते.

असे माझे दिवस मजेत चालले होते. आणि मग तोफ उभा राहिला.

तोफ हे त्या विद्यार्थ्याचं टोपणनाव. तो बोलायला लागला की खिडक्यांच्या काचा थरथरतात. त्याने विषय घेतला, 'पोडियम हटवा'.

"मित्रांनो!" तोफ गरजला आणि त्याने माझ्यावर मूठ आपटली. "जो लपतो, तो पटवू शकत नाही! भूक लागली हे सांगायला आपण आईसमोर पोडियम मांडतो का?"

खरं सांगतो मित्रांनो, मला पटलं. मला हात असता तर मीही वर केला असता. वर्गातले सगळे हात वर गेले. एकच हात कानापर्यंत येऊन थांबला, पण बाईंना वाटलं ती मुलगी कान खाजवतेय.

लगेच शिपाईकाका टेप घेऊन आले. त्यांनी मला आडवं मोजलं, उभं मोजलं. "कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर बुटांचा डोंगर झालाय," ते खुशीत म्हणाले. "याच्यात दोन फळ्या ठोकल्या की झालं कपाट. पुढच्या शनिवारी वर्ग सुटला की नेतो."

आता त्या कान खाजवणाऱ्या मुलीबद्दल सांगतो. तिला सगळे पुटपुट म्हणायचे. तिच्या घरी एक आत्या होती. आत्या मनाने फार मोठी, पण तिला अर्धं वाक्य बघवत नसे. पुटपुट म्हणाली, "आत्या, मला हिरवा रंग..." आत्या म्हणाली, "आवडतो! विणते." आज पुटपुटकडे हिरव्या स्वेटरांचा ढीग आहे. लहानपणी ती म्हणाली होती, "आत्या, मला पाण्याची..." आत्या म्हणाली, "ओढ आहे! पोहायला नाव घातलंच समज." त्या मुलीला पाण्याची भीती वाटायची. आता तिला पोहण्यात पदकं मिळतात.

सवय अशी लागली की पुटपुट निम्मंच बोलायची आणि उरलेल्याची वाट बघायची. माझ्यापाशी आली की ती माझी कड घट्ट धरायची. मग मी टकटक वाजायचो, ती 'मित्रांनो' म्हणायची, आणि दोघंही थांबायचो. तरीपण कड धरल्यावर ते 'मित्रांनो' तरी बाहेर पडायचं. पुढच्या शनिवारी शेवटचं भाषण तिचंच होतं. आजवर तिने लोकांसमोर एकही वाक्य पुरं केलं नव्हतं, आणि त्या शनिवारनंतर धरायला कडही राहणार नव्हती.

"विषय काय घेणार?" बाईंनी तिला विचारलं.

"पोडियम..."

"ठेवावा!" मागून तोफ म्हणाला. "असं म्हणायचंय तिला, बाई."

तिने मान डोलावली. म्हणायचं तेच होतं, पण तेही तिचं तिला म्हणता आलं नाही.

सोमवारपासून जेवणाच्या सुट्टीत ती रिकाम्या सभागृहात सराव करायला लागली. अगदीच रिकामं नव्हतं म्हणा. शिपाईकाका पहिल्या रांगेत डबा खात बसायचे. ऐकणारा तो एकच, आणि तोही मला कपाट करायला टपलेला.

"मानवी संस्कृतीच्या उषःकालापासून," पुटपुटने घोकलेलं म्हणून दाखवलं, "लाकडाने मानवाला साथ दिली आहे."

काकांनी घास गिळला. "छान. पण मग बूट कुठे ठेवायचे?"

पुढच्या दिवशी तिने माझ्या त्यागाबद्दल सांगितलं. मला स्वतःलाही माहीत नव्हता इतका त्याग मी केला होता. काकांनी डोळे पुसले, डबा बंद केला आणि विचारलं, "पण मग बूट?"

ती तडक बाईंकडे गेली. बाई दारातच चहा पीत उभ्या होत्या. "बाई, काका माझं ऐकतच नाहीत!"

"ऐकतायत की. एक प्रश्नही विचारलाय त्यांनी. तू काय उत्तर दिलंस?"

पुटपुट आल्या पावली वळली. मग परत येऊन काकांच्या शेजारी बसली. तिने विचारलं, बूट किती असतात, ओले असतात का, जागा किती आहे. काकाही खुलले. बुटांबद्दल त्यांना इतकं कुणी कधी विचारलंच नव्हतं. बोलणं संपल्यावर ती उठली आणि पडद्यामागे जाऊन बराच वेळ खुडबुड करत राहिली. मला तिथलं काही दिसलं नाही. शिंका मात्र ऐकू आल्या.

शनिवार उजाडला. वर्षाच्या शेवटच्या वर्गाला प्रत्येकाने घरचं एक माणूस आणायचं असतं. बाई म्हणतात, घरच्यांना पटवणं सगळ्यात अवघड. पुटपुटबरोबर आत्या आली. सभागृहात गार वाटेल म्हणून हिरवा स्वेटर मांडीवर घेऊन ती पहिल्या रांगेत बसली. दारात काका दोर घेऊन तयार होते.

"पोडियम ठेवावा, असं कुणाला वाटतं?" बाईंनी विचारलं. आत्याचा एकटीचा हात वर गेला. "आणि न्यावा असं?" सगळे हात वर गेले. त्यात आत्याचाही होता.

"आत्याबाई, एकाच बाजूला."

"असू द्या हो. पोरीला मत कमी पडायला नको."

पुटपुट माझ्यामागे येऊन उभी राहिली. तळहात ओले होते. तिने कड धरली आणि मी वाजायला लागलो. टकटक, टकटक.

"मित्रांनो," ती म्हणाली. "हा पोडियम..."

"मजबूत आहे!" आत्या म्हणाली.

"हा पोडियम आपण..."

"ठेवूया!" म्हणत आत्याने टाळ्याही वाजवल्या. सगळं सभागृह खो खो हसलं. काकांनी दोर उलगडला. माझी आशा संपली. मनातल्या मनात मी बुटांना कप्पे वाटून द्यायला सुरुवात केली.

"आत्या, थांब."

आवाज मोठा नव्हता. पण टकटक बंद झाली होती.

"हे वाक्य माझं आहे," पुटपुट म्हणाली. "कितीही वेळ लागू दे. मीच संपवणार."

आत्याने पटकन स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. पुटपुटने एक मोठा श्वास घेतला. सगळे थांबले. कबुतरही थांबलं.

"हा पोडियम आपण का ठेवायचा, ते मी सांगणार नाही. तोफ सांगेल. तोफ, जरा वर ये ना. पहिल्या दिवशी तू बोललास, तेव्हा तुझे हात कुठे होते?"

तोफ वर आला. त्याने कड धरली आणि चमकला. माझ्या कडेला दोन्ही बाजूंना खळगे पडलेत. त्याची बोटं आपोआप त्यांत जाऊन बसली.

"हे खळगे सुतारमामांनी केलेले नाहीत," पुटपुट म्हणाली. "जे जे घाबरले, त्यांनी इथेच धरलं. आपण सगळ्यांनी. तू म्हणालास, जो लपतो तो पटवू शकत नाही. खरंय. पण त्याला आधी उभं तर राहू दे."

तोफ काही बोलला नाही. हे मी प्रथमच ऐकत होतो.

"ते सगळं ठीक," दारातून काका म्हणाले, "पण मग..."

"बुटांवरच येतेय, काका!"

ती माझ्यापासून निघाली, रंगमंचावरून तरातरा चालत गेली आणि तिने पडदा सरकवला. मागे नाटकातल्या लाकडी पायऱ्या होत्या. राजा उतरायचा त्या. राजा गेला, पायऱ्या धूळ खात राहिल्या. पुटपुटने पायातले बूट काढून एका पायरीवर मांडले. "ओले बूट खालच्या पायरीवर. कोरडे वर. आणि पायऱ्यांखाली छत्र्या."

काका टेप घेऊन धावले. मोजता मोजता त्यांचा चेहरा उजळला. "अगं, याच्यात तर दुप्पट मावतील!"

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तोफ ओरडला, "बाई, हरकत आहे! ती बघा कुठे उभी आहे! हात मोकळे, पाय मोकळे, पोडियम तिकडे लांब. म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं. पोडियम लागतच नाही!"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. पुटपुटने स्वतःच्या हातांकडे असं बघितलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत आणि आपल्याला जरा सांभाळायला दिलेत. रंगमंचाच्या मधोमध ती अनवाणी उभी होती. मलाही पुन्हा तोफचंच पटायला लागलं. मला चटकन पटतं, हा माझा स्वभाव आहे.

आणि पुटपुट हसली. चांगली खळखळून हसली.

"खरंय," ती म्हणाली. "आज मला लागला नाही. पण मला पोहताही येतं, आत्याच्या कृपेने. पहिल्या दिवशी मी तलावाचा काठ इतका घट्ट धरला होता की सोडवायला दोन माणसं लागली. आता मी काठ धरत नाही. म्हणून काय तो मोडून टाकू? उद्या दुसरं कुणीतरी येईल ना पाण्यात, घाबरलेलं."

मोठ्याने नाही बोलली ती. काचा थरथरल्या नाहीत. पण बाईंनी विचारायच्या आधीच हात वर जायला लागले. काकांचा हात टेपसकट वर गेला. तोफ थोडा वेळ छताकडे बघत राहिला आणि मग त्याने दोन्ही हात वर केले.

"तोफ, एकच," बाई म्हणाल्या.

"असू द्या हो, बाई," तोफ म्हणाला.

आत्याचा एक हात वर होता आणि दुसरा अजून तोंडावर. तिचा चेहरा लाल झाला होता. बहुधा ती श्वास घ्यायचीही विसरली होती.

"आत्या, बोल आता," पुटपुट म्हणाली.

"मला तुझं भाषण..." आत्याला एकदम भरून आलं आणि पुढे शब्दच फुटेना. तोफ काहीतरी म्हणणार होता, पुटपुटने त्याला डोळ्यांनीच दटावलं. ती वाट बघत उभी राहिली. आम्ही सगळेच थांबलो.

"...फार आवडलं," आत्या म्हणाली.

"आणि आत्या, मला हिरवा रंग आवडत नाही."

"अगं, मला तरी कुठे आवडतो!" आत्या म्हणाली. "तुझ्यासाठी विणत होते मी!"

तर मित्रांनो, मी अजून सभागृहातच आहे. बूट पायऱ्यांवर सुखात आहेत आणि राजापेक्षा शिस्तीत आहेत. नवे विद्यार्थी पहिली भाषणं मला धरून करतात, आणि जमायला लागलं की एकेक पाऊल लांब जातात. बाई त्याला काठ सोडणं म्हणतात. मला सोडून जाणाऱ्यांचा मला राग येत नाही. त्यांनी जावं म्हणूनच तर मी उभा आहे.

तुमच्याकडे माझं थोडंसंच मागणं आहे. मला रंग देऊ नका, खळगे बुजतील. माझा चौथा पायही दुरुस्त करू नका, मला त्याची सवय झाली आहे. आणि कुणी अर्ध्या वाक्यावर अडकलं, तर ते तुम्ही पुरं करू नका. जरा थांबा. मी लाकडाचा आहे, मला थांबणं सोपं जातं. तुम्हाला थोडा त्रास होईल, पण जमेल.

हे बघा, आत्ताच एक नवी विद्यार्थिनी आली आहे. हात खळग्यांत, तळवे ओले. टकटक, टकटक. ती 'मित्रांनो' म्हणाली आहे आणि तिथेच अडकली आहे. पहिल्या रांगेत पुटपुट शांत बसली आहे. दारात काका कुणाचे तरी बूट हातात घेऊन उभे आहेत. झरोक्यात कबुतर हजर आहे.

सावकाश होऊ दे. आम्हाला कुणालाच घाई नाही.