काचेवरची कड

पेंटरचा राग नाकावर असायचा आणि हात रागाच्याही पुढे. बाजारातल्या निम्म्या दुकानांवर त्याने रंगवलेल्या पाट्या होत्या, आणि निम्म्या दुकानदारांनी कधी ना कधी त्याची थप्पड खाल्ली होती. खाली शिडी धरलेला माणूस जरा हलला, की वरून रंगाचा डबा सुटायचा, तोही डोक्याचा नेम धरून. एका सलूनवाल्याने काम अर्ध्यावर असताना 'रंग काही उठत नाही बुवा' असं म्हटलं, तर याने ब्रशचा दांडा त्याच्या गालात खुपसला आणि मग शांतपणे उरलेली पाटी पुरी करून दिली. अपुरं काम त्याला सोसत नसे. अक्षरं भरून झाली की शेवटी त्यांच्याभोवती काळी कड मारायची, हा त्याचा नेम. कड मारल्याशिवाय कुठलीही वस्तू पुरी झाली असं त्याला वाटायचंच नाही.

घरात तर विचारूच नका. एकुलता एक मुलगा, नाव पडलं बारक्या. तो बापापेक्षा वीतभर उंच झाला तरी बारक्याच राहिला, कारण बाप समोर आला की अंग चोरून अर्धा व्हायचा. पट्टा, चप्पल, शिडीची पायरी, जे हाताला लागेल ते त्याच्या पाठीवर मोडलेलं होतं. एकदा मनगट मोडलं. आई त्याला प्लास्टर घालून घेऊन आली, दोघांना जेवायला वाढलं, भांडी घासली, आणि पेंटर दुपारचा आडवा झाल्यावर त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसली. गळ्याला टेकलेल्या सुरीनेच त्याला जाग आली.

"पुन्हा पोराला हात लावलात तर मी ओरडणार नाही की रडणार नाही," ती म्हणाली. "मारायला जमलं तर मारीन. नाही जमलं तर निघून जाईन. मग पाट्या रंगवा आणि पाट्याच खा."

सुरी थोडी रुतली होती. उशीवर रक्ताचा रुपयाएवढा डाग पडला. पेंटरने शब्द दिला. गंमत म्हणजे एवढ्या दांडग्या माणसाचा बायकोवर जीव होता. ती गेली तर आपलं काही खरं नाही, हे तो पुरतं जाणून होता. आणि त्याने शब्द पाळला बरं का. बराच काळ पाळला.

मोडला तो एकदाच. बायको दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती, ती कामावर गेलेली. पेंटर जमिनीवर बसून चपलांच्या दुकानाची पाटी भरत होता, लाल अक्षरं. बारक्या दारात येऊन म्हणाला, मी मासेमारीच्या बोटीवर चाललोय.

"बोटीवर काय करणार? उलट्या?"

"काहीही करीन बाबा, पण तुमचा धंदा नको. तुमच्या हाताला दोनच कामं येतात, आणि त्यातल्या एकाचेच पैसे मिळतात."

चूक काय होती त्यात? एक अक्षर चूक नव्हतं. म्हणूनच आखणीची लोखंडी पट्टी उचलली गेली आणि धारेच्या अंगाने बारक्याच्या डाव्या भुवईवर बसली. भुवई उघडली, आत पांढरं दिसलं, मग ते लाल झालं आणि डोळ्यावरून, गालावरून खाली धार लागली. त्या दिवशी मात्र बारक्याने अंग चोरलं नाही. पूर्ण उंचीने तो उभा राहिला आणि बापाकडे बघत राहिला. पेंटरही बघत राहिला. पोराच्या तोंडाकडे इतकं नीट त्याने याआधी कधी बघितलंच नव्हतं. मग बारक्याने रंग पुसायची चिंधी कपाळावर दाबली आणि तो निघून गेला. पाटीवर रक्त सांडलं होतं. अक्षरं लालच होती. पेंटरने वरून एक हात फिरवला आणि कड मारून टाकली. ती पाटी अजून लटकते आहे. बारक्याची आई रोज तिच्याखालून कामावर जाते.

"हसत गेला," पेंटरने बायकोला सांगितलं. "मी बोटसुद्धा लावलं नाही."

पहिल्याच वादळात तिघांची ती बोट खडकावर आपटून फुटली. दोन प्रेतं किनाऱ्याला लागली, माशांनी तोंडं खाल्लेली. बायकोने दोन्हींवरची चादर स्वतःच्या हाताने वर केली, दात तपासले, आणि म्हणाली, यातला माझा कुणी नाही. तिसरा सापडलाच नाही. घरी आल्यावर ती पेंटरला म्हणाली, "तुम्ही शब्द पाळलात म्हणून मी या घरात पाऊल टाकतेय. तो मार खाऊन गेला असता, तर हा उंबरा मी ओलांडला नसता." पेंटरने मान हलवली. त्या दिवसापासून घरात कुणी जोरात दार लोटलं तरी तो ब्रश टाकून उंबऱ्याशी धावायचा.

पुढे डॉक्टरांनी दवाखाना नव्याने रंगवून घेतला, तेव्हा बाहेरच्या खोलीतलं जुनं चित्र बायकोने मागून आणलं. कुणा जुन्या चित्रकाराच्या समुद्राची छापील प्रत, काचेच्या फ्रेममध्ये. कडे, पाणी, दोन-चार शिडं, किनारा. पण सगळं नुसते ठिपके आणि फटकारे. कशाला कड म्हणून नाही.

"हे रंगवायचं राहिलंय की पुसायचं?" पेंटरने विचारलं.

"ऊन आणि पाणी कसं भासतं तेवढंच काढायचं असतं, डॉक्टर सांगत होते." तिने चित्र जेवणाच्या टेबलासमोर टांगलं आणि पाण्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका फटकाऱ्यावर बोट ठेवलं. वर निळा, खाली तपकिरी, पेराएवढा. "हा बारक्या."

मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगावं, तशी ती बोलली. बोट फुटल्यापासून तिचं जेवण तुटलं होतं. चित्र आलं आणि ती पुन्हा जेवायला लागली, तेव्हा त्याची काही हरकत नव्हती. ती लांबून बघायची, तेव्हा बारक्या किनाऱ्यावर उभा असायचा. जवळ गेली की तो रंगात विरून जायचा. एकदा ती काचेला नाक लावून म्हणाली, "तोंड तेवढं दिसलं असतं तर बरं झालं असतं."

आता हे तिने कुणापुढे बोलावं? पेंटरला वाटलं, एवढं तर आपल्याला येतं. ती कामावर गेल्यावर त्याने फ्रेम खाली उतरवली, सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि काचेवर काम सुरू केलं. आधी शिडांना कड मारली, मग कड्यांना, मग न राहवून लाटांनासुद्धा. शेवटी बारक्याला घेतलं. ठिपक्याच्या मानाने डोकं मोठं झालं, करंगळीच्या नखाएवढं, पण हात असा चालला की थांबेना. कान, नाक, हनुवटी, डोळे. मनात पोराचं एकच तोंड स्पष्ट होतं, ते त्याने जसंच्या तसं उतरवलं. खूप दिवसांनी तो खूश होता.

बायको आली, पिशवी खाली ठेवली आणि जागीच उभी राहिली. मग स्टूल ओढून काचेला भिडली.

"अगबाई. बारक्याच की!" तिचे डोळे भरून आले. तिने काचेला न लावता बोट त्या तोंडावरून फिरवलं. भुवईशी ते थांबलं.

"हे काय आहे?"

पेंटर जवळ गेला, आणि जे त्याने स्वतः रंगवलं होतं ते त्याला आत्ता दिसलं. डाव्या भुवईपासून गालापर्यंत लाल रेघ.

"रंग ओघळला असेल," तो म्हणाला.

"तुमचा रंग कधी ओघळलाय?" ती अजून काचेकडेच बघत होती. "आणि ओघळाला कड मारलीय."

पेंटर एक पाऊल मागे सरला.

"कशाने मारलंत?"

चोराच्या मनात चांदणं; त्याची नजर कोपऱ्यातल्या पट्टीकडे गेलीच. तिने पट्टी उचलली.

"बोटसुद्धा लावलं नाहीस तू," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "हसत गेला म्हणालास. डावी ना?"

पहिला घाव भुवईवर बसला. दुसऱ्याला त्याने हात आडवा घातला, तेव्हा बोटांतून काटकी मोडल्यासारखा आवाज आला. तिसरा, चौथा खांद्यावर, कानावर. त्याने ठरवलं असतं तर एका धक्क्यात तिला भिंतीवर आपटलं असतं. तो गुडघ्यांवर बसला आणि तसाच राहिला. ती ओरडली नाही की रडली नाही, म्हटल्याप्रमाणेच. दमली तेव्हा पट्टी टाकून तिने सुरी आणली. पेंटरने डोळे मिटले. गळा पुढेच केला म्हणा ना.

सुरी गळ्याला लागली नाही. तिने फ्रेम पालथी घालून मागचे खिळे सुरीने उचकटले, समुद्राचा कागद अलगद बाहेर काढला आणि गुंडाळी केली. बारक्या तिच्या कागदावर होता, बिनतोंडाचा, बिनजखमेचा. मग काच परत फ्रेममध्ये बसवली, फ्रेम होती तिथे टांगली, आणि गुंडाळी काखेत धरून ती चालती झाली. दारसुद्धा तिने हळू लोटलं.

पेंटरने डोळ्यातलं रक्त पुसून वर बघितलं. उघड्या भिंतीवर काळ्या कडा तेवढ्या उरल्या होत्या. समुद्र नसलेल्या लाटा, शिडं नसलेल्या रेघा. मधोमध फुटक्या भुवईचं तोंड. टर्पेंटाइनची बाटली हाताशीच होती. धड असलेल्या हाताने त्याने चिंधी भिजवली, भिंतीला धरून उठला आणि काचेपाशी गेला. बारक्या अंग न चोरता त्याच्याकडे बघत होता. चिंधीतून टर्पेंटाइन टपटप खाली गळत राहिलं.

"मीच मारलं रे तुला," पेंटर म्हणाला. ऐकायला घरात कुणी नव्हतं.