मान सैल सोडा

दाढी आटोपली तरी दाजी मान एका बाजूला धरूनच बसले होते. बारक्या वस्तरा पुसत होता, एवढ्यात ताई स्वयंपाकघराच्या दारात आली.

"यांची मान परत धरलीय. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तुझ्या हातानं मोडून दे बाबा एकदा."

बारक्या वस्तरा पुसतच राहिला.

पन्नाशी उलटली तरी ताईसाठी तो बारक्याच होता. केस काय, कुणीही कापतं. त्याच्या सलूनमध्ये लोक यायचे ते शेवटच्या झटक्यांसाठी. 'मान सैल सोडा' म्हणायचं, हनुवटी धरायची, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. कट्ट असा आवाज. गिऱ्हाईक खूश आणि बारक्याची कॉलर ताठ. दाजी घड्याळं दुरुस्त करायचे. दिवसभर डोळ्याला भिंग आणि मान खाली, त्यामुळे ती सारखी आखडायची आणि दाजी मेहुण्याचं सलून गाठायचे.

गेल्या वर्षी मात्र आखडलेली मान काही केल्या सुटेना. ताईने त्यांना दवाखान्यात धाडलं. वाटेत सलून लागलं. मी असताना डॉक्टर कशाला, म्हणत बारक्याने त्यांना खुर्चीत बसवलं आणि नेहमीपेक्षा जास्त जोर लावला. दाजी हसत उठले, आरशापर्यंत गेले आणि तिथेच कोसळले. ताईला त्याने सांगितलं, दाढी करताना चक्कर आली.

मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटली होती. मानेला कुणी झटका दिला होता का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ताई औषधं आणायला गेली होती आणि बारक्या खाटेशीच उभा होता. दाजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि जड जिभेने ते "नाही" म्हणाले. सुटलो, असं बारक्याला वाटलं. त्या वाटण्याची लाज त्याला अजून जाळते. आखडलेल्या मानेला शेक द्यायचा, ती हळूहळू हलवायची, काम करताना अधूनमधून वर बघायचं, झटका कधीच द्यायचा नाही, असं डॉक्टर समजावत होते. एवढं साधं होतं सगळं. आता दाजींच्या हातात पेला ठरत नाही, मग घड्याळाचा स्क्रू कुठला? दुकान गेलं. बारक्याने मान मोडणं सोडलं. म्हातारा झाला, असं गिऱ्हाईकं म्हणतात.

"ताई," तो म्हणाला, "त्या दिवशी सलूनमध्ये..."

दाजींचा थरथरता हात त्याच्या मनगटावर पडला. "पाणी," ते ताईला म्हणाले. ती आत गेली.

"सांगू द्या हो दाजी. नाही सहन होत आता."

दाजींनी बराच वेळ शब्द जुळवले.

"तिला माहेर... तूच आहेस."

कबूल करायची वाटही बंद झाली होती, तीही मायेने. बारक्याने दाढीच्या गरम पाण्यात टॉवेल बुडवला, पिळला आणि त्यांच्या मानेभोवती गुंडाळला. तो आधारापुरता हनुवटीला हात लावायला गेला, तर दाजींनी डोळे मिटले आणि न सांगताच मान सैल सोडली. सगळं डोकं त्याच्या तळहातात आलं. बारक्या ते नुसतं धरून उभा राहिला.

ताई पेला घेऊन आली आणि कान देऊन थांबली.

"आज आवाज नाही आला रे," ती म्हणाली.

बारक्याने डोकं हळूच खुर्चीच्या पाठीला टेकवलं आणि टॉवेल पुन्हा बुडवायला तो खाली वाकला.