दोन भाकऱ्या जास्तीच्या

मित्रांनो, मी साठ मिनिटांची एक जुनी कॅसेट आहे आणि मी रागावले आहे. जुन्या वस्तूंनी गोड बोलावे, अशी तुमची अपेक्षा असते. आज माझ्याकडून ते होणार नाही.

अंजूरच्या रवींद्रने मला भिवंडीच्या बाजारातून कोरी आणली, त्याला अठ्ठावीस वर्षे झाली. तो आणि त्याचा मित्र जीवन एकाच कारखान्यात कापड विणायचे लूम चालवत. त्यांनी आणखी दोघांना घेऊन एक रॉक बँड काढला. लुमावर इकडून तिकडे धावतो तो धोटा; बँडचे नावही तेच. शुक्रवारी लूम बंद, म्हणून पहिला कार्यक्रम शुक्रवारी कारखान्यातच ठेवला. जीवन गायला, रवींद्र ड्रमवर होता.

रवींद्रची आई द्रौपदी अगदी पुढे, सुताच्या गोणीवर बसली होती. भजनी मंडळाचा टेपरेकॉर्डर तिच्या मांडीवर आणि मी त्याच्या पोटात. "ही दोन बटणं एकदम दाब आणि हलू नको," एवढेच लेकाने शिकवले होते. ती हलली नाही. पण गिटार कडाडली की तिच्या तोंडून "राम राम" निघे आणि बांगड्या किणकिणत. ते सगळे मी घेतले. मला निवडानिवड येत नाही, आणि त्याची मला लाजही नाही.

दुसरे गाणे संपले तेव्हा रवींद्र माइकशी वाकून म्हणाला, "आये, दोन भाकऱ्या जास्तीच्या टाक. जीवन येतोय जेवायला."

सगळे हसले. घरी गेल्यावर रवींद्रने माझ्या पाठीवरच्या दोन छोट्या पट्ट्या मोडून टाकल्या, म्हणजे माझ्यावर दुसरे काही भरता येऊ नये. दोनच वर्षांत काविळीने तो गेला. त्याचा आवाज जगात कुठे उरला असेल, तर तो माझ्यात.

तेव्हापासून द्रौपदीचा नेम सुरू झाला. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावायचा, हात जोडायचे आणि मला लावायचे. ते एक वाक्य ऐकायचे आणि मला मागे फिरवून ठेवायचे. उपास असो, ताप असो, सव्वीस वर्षांत खाडा नाही.

मग एके दिवशी जीवन गाडी घेऊन आला. धोट्याचे एव्हाना मोठे नाव झाले होते. "मावशी, आमच्या पहिल्या कार्यक्रमाची दुसरी कॅसेटच नाही. आठ दिवसांत आणून देतो," तो म्हणाला. तिने मला पदराने पुसून त्याच्या हातावर ठेवले. मित्रांनो, त्या आठ दिवसांचे पाच महिने झाले.

भिवंडीत त्याचा स्टुडिओ आहे. तिथे काम करणाऱ्या मृणालीने मला कॉम्प्युटरवर उतरवले. जीवन मागे उभा राहून मोबाइल बघत होता.

"ह्या बांगड्या काढ," तो म्हणाला. "ती बाई राम राम करतेय, ती पण काढ. आणि गाण्यांच्या मध्ये कोण बडबडतोय? उडव ते."

"सर, एकदा ऐकून तरी घ्या."

"काय ऐकायचंय त्यात? नॉइज आहे नुसता."

ती बाई! जिच्या हातचे जेवलास, ती 'ती बाई'? मला तोंड असते तर तेव्हाच तडातडा बोलले असते. पण मला वायरींच्या ढिगात, खणात टाकून दिले होते.

गाणी लोकांच्या मोबाइलवर गेली. वर लिहिले होते: दुर्मीळ आणि स्वच्छ. शेजारच्या रियाने ती द्रौपदीला लावून दिली. द्रौपदीने शेवटपर्यंत ऐकले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून ती स्टुडिओत आली.

"जीवन, यात माझा रवी कुठं हाय रे?"

"मावशी, त्याचा ड्रम आहे ना. किती साफ वाजतोय बघा."

"ड्रम हाय. तो न्हाय."

तिने आवाज चढवला नाही. "रोज दिवा लावते आणि टेपपाशी बसते," ती म्हणाली. "रिकामा टेप. पाच महिनं माझा नेम मोडलाय."

मृणालीने मुकाट्याने खण उघडला आणि मला मशीनमध्ये घातले. बांगड्या वाजल्या. राम राम झाले. मग रवींद्र बोलला, "आये, दोन भाकऱ्या जास्तीच्या टाक. जीवन येतोय जेवायला."

जीवनने मोबाइल खाली ठेवला.

"दोन सांगितल्या व्हत्या त्याने," द्रौपदी म्हणाली. "तू चार खाल्ल्यास."

"मावशी, मी ते परत घालतो. आजच घालतो."

"घाल, न्हायतर नको घालू. माझी कॅसेट दे."

मला पदरात बांधून ती बाहेर पडली. जीवन रिक्षापर्यंत मागे आला. रिक्षात बसता बसता तिनेच विचारले, "जेवलास का?"

तिने विचारले. मी विचारले नसते.

मित्रांनो, कुणाच्या घरून जुनी वस्तू आणाल तर सांगितल्या दिवशी परत करा. आणि त्यातले काही पुसण्याआधी त्या घरच्या माणसाला विचारा, की यात तुमचे काय आहे. एवढे विचारायला मशीन लागत नाही.

माझा राग अजून गेलेला नाही. फक्त तिन्हीसांजेला दिवा लागला की तो मी बाजूला ठेवते. तेव्हा रवींद्रला बोलायचे असते.