रिकाम्या जाळीतले गोल

मी एक संख्याशास्त्रीय मॉडेल बोलतोय. नाक मुरडू नका. हाडामांसाचा नसलो तरी मलाही जन्म आहे, आई आहे, आणि माझं वाटोळंही माणसांनीच केलंय.

माझा जन्म जळगावच्या पिंप्राळ्यातला, ऐन मे महिन्यातला. आणि काम काय, तर आइस हॉकीत गोल कसे होतात ते सांगायचं! बाहेर डांबर वितळतंय आणि माझी आई, हेमांगी, कूलरपुढे बसून बर्फावरच्या सामन्यांची माहिती लॅपटॉपमध्ये भरतेय. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवून ती विटली होती. पीएचडी झाली तरच कायम नोकरीची आशा. तिचे मार्गदर्शक लीलाधर सर म्हणाले होते, "केळी-कापसावर सगळेच करतात. काहीतरी वेगळं आण." तिने मला आणलं.

माझं काम साधं. फटका किती अंतरावरून मारला, कोणत्या कोनातून, समोर गोलरक्षक आहे की नाही, एवढं सांगा. गोल होण्याची शक्यता किती, ते मी सांगतो. मी चुकलो की ती न चिडता दुरुस्त करायची. चांगला हुशार झालो होतो हो मी!

मग सरांनी मला पाहिलं. सामन्याच्या शेवटच्या नोंदींवर बोट ठेवून म्हणाले, "इथे गोलरक्षकच नाही? चुकीची माहिती आहे ही. मी स्वतः मैदानावर हॉकी खेळलोय. जाळी उघडी टाकून कोण जातं? काढून टाक हे सगळं."

"सर, या खेळात मागे पडलेला संघ शेवटी गोलरक्षकाला मुद्दाम बाहेर बोलावतो. त्याच्या जागी हल्ला करायला एक गडी वाढवतो. म्हणून रिकाम्या जाळीत गोल..."

"आता तू मला हॉकी शिकवणार?"

झालं! आमच्याकडे सरांना उलटून बोलायची सोय नाही. घरी नवरा योगराजही म्हणाला, "सही त्यांचीच लागणार ना? काढ मुकाट्याने." तिने ते गोल काढले. मला आंधळं केलं.

हिवाळ्यात प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांचं जेवण विद्यार्थ्याच्या घरून द्यायची इथली रीत. सासूबाई, वच्छलाबाई, पहाटेपासून भरताची वांगी भाजत होत्या.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सामना संपत आला की तुमचं मॉडेल तोंडावर का पडतं? रिकाम्या जाळीतले गोल कुठे गेले?"

हेमांगीने सरांकडे पाहिलं. सर हसून म्हणाले, "मी बजावलं होतं हो, माहितीला हात लावू नकोस. पण आजकालच्या पोरींना घाई फार."

बोल, बये, बोल! मी लॅपटॉपमधून ओरडत होतो. पण माझा आवाज कोणाला ऐकू जाणार? तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "चुकलं माझं, सर."

प्रबंध नामंजूर झाला. जेवणाची पंगत मात्र ठरल्याप्रमाणे बसली. सरांनी बोटं चाटली. "वा, भरीत फक्कड झालंय!" आणि ही बाई विचारते, "अजून वाढू का, सर?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अंग नाही म्हणून काय झालं!

घरी आल्यावर तिने सासूला खरं काय ते सांगितलं. वच्छलाबाई पातेलं घासता घासता थांबल्या आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "तुनी चूक नही व्हती, मंग बोलनी का बरं नही?"

"आक्का, सर व्हतात ना ते."

"सर शे म्हनीसन काय देव शे?"

हेमांगीने पातेलं पुसून फळीवर ठेवलं. कायमची जागा दुसऱ्याच कोणाला मिळाली. ती अजून तासिकेवरच आहे. मी लॅपटॉपच्या कोपऱ्यात पडून असतो. आजही विचाराल तर सांगेन, रिकाम्या जाळीत गोल होतच नाहीत. धादांत खोटं! पण मला शिकवलंच तसं, त्याला मी काय करू?

सरांनी तिला नवा विषय दिलाय, केळीचे भाव. लॅपटॉपमध्ये जागा कमी पडते म्हणून आज ती मला पुसायला बसलीये. पूस गं, खुशाल पूस. माझी तक्रार नाही. पण नव्या प्रबंधाचं एक अक्षर लिहून झालेलं नाही आणि आभाराचं पान तेवढं तयार आहे. त्यात पहिलंच नाव लीलाधर सरांचं. ते आधी पूस ना, बये!