लॉर्नाची मुशी

सोळाव्या वर्षी आजारात लॉर्ना थिबोडोची नजर गेली, पण घोड्यांच्या दुखऱ्या पायांवर उपचार करायचं तिचं लहानपणापासूनचं वेड काही गेलं नाही. त्यासाठी आधी प्राणिशास्त्र पास होणं भाग होतं. म्हणून तिने अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या कॉलेजात प्रवेश घेतला.

विच्छेदनाच्या पहिल्याच तासाला हॅस्केल सर तिच्या टेबलाशी आले. ट्रेमध्ये औषधात मुरवलेली मुशी, म्हणजे शार्कच्या जातीचा छोटा मासा, होती.

"लॉर्ना, तू नुसती बस. वेंडेल कापेल आणि तुला सांगत जाईल. तुझे मार्क मी लेखीवर धरीन."

"आणि उद्या घोड्याचा पायही वेंडेलच चाचपणार का, सर?"

शेजारी उभा असलेला तिचा वर्गमित्र वेंडेल खुदकन हसला. सर हसले नाहीत. "कात्री लागली तर निस्तरायचं मला."

"बोथट टोकाची द्या. टोकाखाली माझं बोट राहील."

सरांनी दिली खरी, पण तो दिवस वाईट गेला. कात्री खोल घुसली, पित्ताशय फुटलं, हिरवं पाणी ट्रेभर झालं आणि हातमोजा फाटून बोटालाही लागलं. "आज पुरे," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, कीव होती. तीच तिला झोंबली.

तिने आईला अख्खे बांगडे आणायला लावले आणि रोज संध्याकाळी सिंकपाशी उभी राहिली.

"अगं, चिंधड्या केल्यास! खायला तरी ठेव एखादा," आई करवादली.

"आज काळीज अख्खं निघालंय, मम्मा. हात पुढे कर."

आईला शिसारी आली, पण तिने हात मागे घेतला नाही.

पुढच्या तासाला नवी मुशी होती. या वेळी पोट सरळ उघडलं. आधी लांबलचक, तेलकट यकृत. मग वळलेलं जठर, आणि आतड्याच्या आत जिन्यासारखी गोल गोल घडी. वेंडेल काही बोलायला गेला, तसं ती ओरडली, "थांब, सांगू नकोस!"

पाठीच्या कण्यालगत दोन फुगीर पिशव्या लागल्या. एक कापली, तर काहीतरी चिमुकलं तळहातावर घसरलं. लॉर्नाने ते बोटांच्या टोकांनी हळूच चाचपलं. बोथट नाक. दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या चिरा. पाठीवर दोन पर. पोटापाशी दोरीला लोंबणारा मऊ गोळा.

"पिल्लू आहे रे! हा गोळा म्हणजे बलक, याची शिदोरी. आणि सगळं आईसारखंच, जिथल्या तिथं."

आसपासची मुलं धावली. सरही आले. "डावी-उजवी बाजू सारखी आहे का?"

"बाहेरून दोन्हीकडे सारखं. याच्या आईच्या पोटात जठर मात्र एका अंगाला वळलंय."

"अजून काही?"

"अजून बरंच राहिलंय, सर. घाई करू नका."

प्रात्यक्षिक परीक्षेत इतरांसाठी अवयवांना टाचण्या टोचल्या होत्या. तिच्यासाठी सरांनी दोरे बांधले. तिने एकेक ओळखत नेलं. प्लीहेला मात्र ती स्वादुपिंड म्हणाली.

"पास झालीस," सर म्हणाले. "चांगले मार्क आहेत. प्लीहा तेवढी चुकली."

"पुन्हा चाचपू?"

"परीक्षा संपली, लॉर्ना."

"मार्कांसाठी नाही म्हणत मी."

सरांनी ट्रे परत तिच्याकडे सरकवला, खुर्ची ओढली आणि समोर बसले. लॉर्नाने नवे हातमोजे चढवले.