सोयाबीनच्या ओळीतलं पांढरं फडकं

मित्रांनो, आज मला सगळे फडकं म्हणतात. पण जन्माने मी चादर आहे. एका शेतकरी जोडप्याच्या, काका-काकूंच्या अंथरुणावर मी कित्येक वर्षे काढली. मधोमध विरले, तेव्हा काकूंनी माझे दोन तुकडे केले. एक लादी पुसायला गेला आणि दुसरा तुकडा म्हणजे मी, शेतात आले.

काकू मला सोयाबीनच्या दोन ओळींमध्ये अंथरत आणि दोन्हीकडची झाडे माझ्यावर वाकवून हलकेच झटकत. टपटप अळ्या पडत. कुबड काढून चालणारी हिरवी उंटअळी माझ्या पांढऱ्या अंगावर लपणार कुठे? काकू त्या मोजत. थोड्याच असल्या तर म्हणत, "राहू द्या. चार पानं खाल्ल्यानं झाड मरत नाही. फवारणीचा खर्च मात्र आपल्याला खातो."

काका उतावळे. शेजारच्या शेतात फवारणीचा पंप सुरू झाला की त्यांचे हात शिवशिवत. "अगं, तो मारतोय ना!"

"त्याला खाज सुटली म्हणून आपण खाजवायचं का?" काकू हसत आणि काका पंप खाली ठेवत.

त्यांच्या लेकीला ऐकू कमी यायचे. तिच्या कानाच्या यंत्रासाठी दोघे पैसे साठवत होते. नेमका त्याच हंगामात काकूंचा पाय मोडला. मी स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर पडून राहिले. काकांनी शेजाऱ्याचे ऐकून दोनदा फवारले. एकदा गरज नसताना, एकदा अळ्यांनी फुले, कोवळ्या शेंगा फस्त केल्यावर. औषधाचे पैसे गेले, दाणेही गेले आणि यंत्र लांबणीवर पडले.

"पाय माझा मोडला आणि लंगडं झालं पीक," काकू एवढेच म्हणाल्या. काका मान खाली घालून बसले. लेकीने त्यांचा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "असू दे बाबा. तुमचं घोरणं ऐकू येत नाही, तेवढंच बरं!"

पुढच्या वर्षी काकांनी मला स्वतः धुतले. काकू काठी घेऊन बांधावर बसल्या. काकांनी झाडे अशी गदागदा हलवली, की पाने गळाली.

"अहो, झटकायचंय, उपटायचं नाही!"

काकांनी गुडघे टेकून पुन्हा हलकेच झटकले आणि मोजले. या वेळी अळ्या खूप होत्या. वेळेवर एकच फवारणी झाली, पीक वाचले आणि त्या भरवशावर पोती भरण्याआधीच दोघांनी यंत्र ठरवून टाकले.

कापणीच्या तोंडावर ते लेकीच्या कानात बसले. लेक शेतात चालता चालता थबकली. "बाबा, हे काय वाजतंय?"

"वाळलेल्या शेंगा गं. आत दाणे खुळखुळतायत." काका थांबले. इतक्या वर्षांत त्यांनीही तो आवाज कधी कान देऊन ऐकला नव्हता.

मित्रांनो, आता मला ठिगळे लागली आहेत. तरी एक मागणे आहे. शेजाऱ्याच्या पंपाच्या आवाजाने घाबरू नका. आधी आपल्या ओळीत गुडघे टेकून बघा. जीव लावणे म्हणजे दुसरे काय असते?